गोव्यातून आर्किटेक्चर शिकताना: बी.आर्क.च्या पहिल्या रेषेपासून एम.आर्क.पर्यंत

आर्किटेक्चरला मराठीत वास्तुकला म्हणतात, वास्तुरचना म्हणतात, आणि कागदोपत्री कितीदा तरी वास्तुशास्त्र असाच शब्द सापडतो. या शेवटच्या शब्दानं घरोघरी गोंधळ होतो. देवघर ईशान्येला आणि चूल आग्नेयेला सांगणारं वास्तुशास्त्र वेगळं. पाच वर्षांच्या बी.आर्क. या पदवीत त्याचा संबंध आला तर इतिहासाच्या तासापुरता. दुसरा समज, 'पोराची चित्रकला चांगली आहे, आर्किटेक्चरला घाला', हा अर्धाच खरा. सुंदर चित्र काढणारी मुलं दुसऱ्या वर्षी अडखळतात आणि साधीच रेष ओढणारी मुलं चौथ्या वर्षी वर्गात पुढे असतात, असं नेहमी घडतं.

याचं कारण अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. या शिक्षणात विद्यार्थ्याला विचारला जाणारा प्रश्न दर टप्प्याला बदलतो. पहिल्या वर्षी विचारतात, 'तुला नीट दिसतं का?' दुसऱ्या वर्षी, 'इथे माणूस कसा राहील?' तिसऱ्या वर्षी, 'हे उभं कसं राहील?' चौथ्या वर्षी, 'शेजाऱ्याचं आणि गावाचं काय?' पाचव्या वर्षी, 'हाच प्रश्न तू का निवडलास?' आणि एम.आर्क. या पदव्युत्तर पदवीला, 'हे तुला कशावरून माहीत?' मागच्या टप्प्याचं उत्तर घेऊन पुढच्या टप्प्यात गेलेला विद्यार्थी अडकतो. हे आधी कळलं तर बरीच रडारड वाचते.

प्रवेश

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. तिसऱ्या विषयाची अट आणि किमान टक्केवारी गेल्या काही वर्षांत बदलत आली आहे, म्हणून मोठ्या भावंडाच्या वेळची अट गृहीत धरू नका, चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडा. गणितासह तीन वर्षांची पदविका केलेल्यांनाही वाट आहे.

प्रवेशपरीक्षा मुख्यतः दोन. वास्तुविशारद परिषद, म्हणजे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, घेते ती 'नाटा'. अलीकडच्या स्वरूपात ती २०० गुणांची आहे: ८० गुण हातानं काढायच्या आणि रचायच्या भागाला, १२० गुण संगणकावरच्या भागाला. दुसरी म्हणजे जेईई मेनचा पेपर २-ए. एनआयटी आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्थांत बी.आर्क.ला जायचं तर ही द्यावी लागते. आयआयटीत आर्किटेक्चर हवं असेल तर जेईई अ‍ॅडव्हान्स्डनंतर एएटी नावाची आणखी एक परीक्षा आहे, आणि ती खरगपूर, रुरकी, वाराणसी अशा मोजक्या ठिकाणांसाठी. गोव्यातल्या आयआयटी-एनआयटीच्या नावावर विसंबू नका, तिथे बी.आर्क. नाही.

गोव्यात पणजीच्या आल्तिनो टेकडीवर गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहे. १९८२ साली सुरू झालेलं हे सरकारी महाविद्यालय गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. प्रवेशप्रक्रिया पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत चालते. परीक्षेचा निकाल हातात असूनही कागदांपायी धावपळ होते ती इथेच. मामलेदार कचेरीतला रहिवासी दाखला आणि आरक्षित गटाचा असल्यास जातीचा दाखला यांना वेळ लागतो. हे अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच टाकून ठेवावेत.

नाटाच्या चित्रकलेच्या भागात सजावट करून गुण मिळत नाहीत. प्रमाण तपासतात. बसथांब्यावर उभ्या माणसाचं डोकं कुठे येतं, बसचं दार त्याच्या मानानं केवढं, सावली एकाच दिशेला पडते का, एवढं अचूक आलं तर रंग साधे असले तरी चालतात. रोज अर्धा तास म्हापशाच्या बाजारात किंवा मडगावच्या कदंब स्थानकावर उभं राहून पेन्सिलनं माणसं काढणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली तयारी.

पहिलं वर्ष: हात आणि डोळा

पहिल्या सत्रात साहित्याची यादी मिळते आणि घरात खर्चाची चिंता सुरू होते. सगळं एकदम घेऊ नका. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर किंवा मिनी ड्राफ्टर, दोन गुण्या, स्केल-पट्टी, २एच, एच आणि एचबी पेन्सिली, स्टीलची पट्टी, कटर, कटिंग मॅट. सुरुवातीला एवढं पुरतं. वरच्या वर्गातली मुलं बोर्ड आणि ड्राफ्टर निम्म्या किमतीला देतात.

कागदाचे आकार पाठ होतातच: ए१ म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, ए२ त्याच्या निम्मा, ए३ त्याच्याही निम्मा. खरी अडचण स्केलची. १:१०० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जागेवरचा एक मीटर. १:५० ला तोच एक मीटर दोन सेंटिमीटर होतो. स्केल मोठं केलं की नुसतं चित्र मोठं होत नाही, त्यात जास्त माहिती द्यावी लागते. १:१०० ला दार म्हणजे भिंतीतली फट आणि एक कमान. १:२० ला त्याच दाराची चौकट, बिजागरी, उंबरठा, खालची फरशी, सगळं दाखवायचं. १:१०० चं चित्र संगणकावर ताणून १:२० म्हणून लावलं तर परीक्षक पहिल्या नजरेत ओळखतात.

रेषेची जाडी हीसुद्धा भाषाच आहे. सेक्शन म्हणजे इमारत सुरीनं कापल्यावर दिसणारा छेद. त्यात कापलेली भिंत सर्वांत जाड, साधारण ०.५ मिलिमीटर. मागे दिसणारी कड ०.२५. फरशीचा नक्षा ०.१३. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या आल्या की काय पुढे, काय मागे, ते कळत नाही, आणि मेहनतीनं केलेली शीट वाचताच येत नाही.

मॉडेलचं साधं गणित: २ मिलिमीटरचा माउंट बोर्ड १:१०० ला २० सेंटिमीटरच्या भिंतीएवढा होतो. म्हणून त्या स्केलला तोच बोर्ड वापरतात. भिंत दुसरीच्या बाजूला चिकटवायची असेल तर लांबीतून बोर्डाची जाडी वजा करायची. हे विसरल्यामुळे पहिल्या वर्षाची निम्मी मॉडेल्स कोपऱ्यात उघडी राहतात. गोव्यात जून ते सप्टेंबर आणखी एक त्रास: हवेतल्या दमटपणानं बोर्ड वाकतो. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, एका बाजूनं जाड थर दिला तर बोर्ड त्या ओलाव्यानं आणखी फिरतो. पातळ थर, वर जड पुस्तकं, आणि सुकायला अख्खी रात्र. पाया म्हणून दोन बोर्ड एकमेकांवर चिकटवले तर तो सपाट राहतो.

स्टुडिओ कसा चालतो

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. बाकीचे विषय, म्हणजे बांधकाम, संरचना, हवामान, इतिहास, इमारतीतल्या सेवा (पाणी, वीज, सांडपाणी), हे सगळे स्टुडिओत येऊन मिळतात. निदान मिळायला हवेत. एक विषय देतात, उदाहरणार्थ गावातली बालवाडी किंवा पंचायतीचं वाचनालय. आठ-दहा आठवड्यांत ते आराखड्यापासून मॉडेलपर्यंत न्यायचं. दर आठवड्याला शिक्षकांसमोर बसून चर्चा होते, तिला क्रिट म्हणतात. शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर मांडणी, ती ज्युरी.

क्रिटला रिकाम्या हातानं, 'डोक्यात आहे सर' म्हणत गेलं की तो आठवडा वाया गेला. डोक्यातल्या गोष्टीवर कुणी बोट ठेवू शकत नाही. वाईट का असेना, स्केलमध्ये काढलेलं चित्र हवं. शिक्षक चुकीवर बोट ठेवतात तेव्हा त्यांनी सुचवलेला उपाय तसाच्या तसा उतरवणं ही दुसरी चूक. उपायामागची अडचण समजून घ्यायची आणि उपाय आपला शोधायचा. दोन शिक्षक दोन विरुद्ध उपाय सांगतात तेव्हाही बहुतेक वेळा त्यांना खटकणारी अडचण एकच असते.

वेळेचं म्हणाल तर नुकसान मधल्या आठवड्यांत होतं. पहिले दोन आठवडे जागा पाहण्यात जातात, ते ठीक. तिसऱ्या-चौथ्यात एक दिशा पकडली की सहाव्यानंतर ती बदलायची नाही, फक्त सुधारायची. सातव्या आठवड्यात सगळं मोडून नवं सुरू करणाऱ्याकडे ज्युरीला कल्पना चांगली असते आणि जिना बसत नसतो.

जिन्याचं उदाहरण मुद्दाम. मजल्याची उंची तीन मीटर धरा. सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी ३० सेंटिमीटर ठेवली तर २० पायऱ्या लागतात. मधे वळणारा जिना केला की एका बाजूला दहा उंच्या, म्हणजे नऊ पावलं, म्हणजे २.७ मीटर. दोन्ही टोकांना १.२ मीटरची जागा सोडा: एकूण ५.१ मीटर लांबी. नवखे विद्यार्थी प्लॅनमध्ये जिन्याला तीन मीटरचा चौकोन ठेवतात आणि शेवटच्या रात्री अख्खा प्लॅन सरकवावा लागतो. पायरी ठरवताना पडताळा म्हणून दोन उंच्या अधिक एक रुंदी ही बेरीज ६० ते ६३ सेंटिमीटरच्या आसपास यावी. माणसाच्या पावलाचा तो अंदाज आहे.

ज्युरीत बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात. 'ही एंट्रन्स, ही लॉबी, हे टॉयलेट' असं वाचून दाखवू नका, ते चित्रात दिसतंच. जागेवर काय अडचण होती, तुम्ही काय ठरवलं आणि त्यासाठी काय सोडून दिलं, एवढं सांगा. प्रिंट आदल्या दिवशी दुपारपर्यंत काढा. सबमिशनच्या सकाळी प्लॉटरच्या दुकानात अख्खा वर्ग उभा असतो.

दुसरं वर्ष: जागा, घर, पाऊस आणि ऊन

या वर्षी जुनं घर मोजून त्याची चित्रं काढायचा अभ्यास असतो, आणि त्यासाठी गोव्यासारखी जागा नाही. मधलं राजांगण, पुढचा बाल्कांव (बसायला बाकं असलेली आच्छादित ओसरी), शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, जांभ्याची जाड भिंत आणि वर मंगळुरी कौलं. मोजायला निदान तिघं हवेत: दोघं टेप धरायला, एक लिहायला. एका ओळीतल्या खोल्या सुट्या सुट्या मोजून बेरीज करू नका. बारा मापांत प्रत्येकी पाच मिलिमीटरची चूक झाली तर शेवटी सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. टेप एका टोकाला धरून तिथूनच सगळी अंतरं चढत्या क्रमानं लिहायची. आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचे. ३.६ बाय ४.८ मीटरची खोली काटकोनी असेल तर कर्ण बरोबर सहा मीटर येतो. दोन कर्णांत फरक आला तर खोली तिरकी आहे, आणि जुन्या घरात ती बहुधा असतेच. कर्ण न घेता घरी परतलेला गट चित्र जुळवता जुळवता रडकुंडीला येतो आणि पुन्हा त्या गावी जातो.

हवामानशास्त्र हा विषय पाठांतरानं सुटतो असं वाटतं, पण तो मोजण्याचा विषय आहे. पणजी साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी भरदुपारी सूर्य ७४.५ अंशांवर असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेला ५१ अंशांपर्यंत उतरतो. जूनच्या उत्तरार्धात मात्र तो डोक्यावरून उत्तरेकडे कलतो. दक्षिणेच्या भिंतीत १.२ मीटर उंचीची खिडकी आहे आणि तिच्या वरच्या कडेलाच छज्जा आहे असं धरा. विषुवदिनाच्या दुपारी तिला पूर्ण सावली द्यायला ३३ सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. डिसेंबरात तीच सावली हवी तर ९७ सेंटिमीटर लागतो. गोव्याच्या डिसेंबरात दुपारचं थोडं ऊन आत आलेलं चालेल की नाही, हा निर्णय तुमचा. पश्चिमेच्या खिडकीला मात्र छज्जा उपयोगाचा नाही. संध्याकाळचा सूर्य इतका खाली असतो की आडव्या छज्जाखालून तो सरळ आत शिरतो. तिथे उभ्या फळ्या, झाड किंवा बाल्कांव लागतो.

पावसाचं गणित आणखी कठोर. गोव्यात वर्षाला साधारण तीन मीटर पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर तीन लाख लिटर पाणी. जोराच्या सरीत ताशी १०० मिलिमीटर धरले तर त्याच छपरावरून दर सेकंदाला जवळजवळ पावणेतीन लिटर पाणी पन्हळीत येतं. आता पन्हळ केवढी, पाइप किती, आणि ते पाणी कुठे सोडायचं, हे प्लॅन काढतानाच ठरवावं लागतं. परदेशी मासिकातलं सपाट छप्पर आणि भिंतीच्या कडेशी नेमकं थांबणारं पत्र्याचं टोक इथे पहिल्याच पावसात गळतं. वाऱ्याबरोबर पाऊस तिरका येतो. तो ४५ अंशांत आला तर १.२ मीटरची खिडकी कोरडी ठेवायला १.२ मीटर पुढे आलेलं छप्पर हवं. जुन्या घरांची वळचण एवढी खोल का, ते या आकड्यांवरून कळतं.

टेकडीचा उतार वाचणंही याच वर्षी येतं. समोच्च रेषा म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. दोन रेषांमध्ये एक मीटर उंचीचा फरक आणि कागदावरून स्केलनं मोजलेलं त्यांच्यातलं आडवं अंतर चार मीटर आलं, तर उतार २५ टक्के. अशा उताराच्या जमिनीला गोव्याच्या प्रादेशिक आराखड्यात बांधकामापासून दूर ठेवलेलं आहे, आणि १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याचं कलम १७-ए डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला आधी परवानगी मागतं. विद्यार्थी साइट निवडतात तेव्हा नदीचं दृश्य बघतात. आधी उतार मोजावा, मग किनारी नियमन क्षेत्राची रेषा बघावी, दृश्य त्यानंतर.

तिसरं वर्ष: उभं राहील का?

संरचनेची भीती बाळगायचं कारण नाही. स्लॅबची सळी काढून देणारा अभियंता वेगळा असतो. तुम्हाला आकाराचा अंदाज हवा. तुळईची खोली ढोबळमानानं दोन आधारांमधल्या अंतराच्या बाराव्या भागाएवढी: सहा मीटरला अर्धा मीटर. हे माहीत असलं की तीन मीटर मजल्यात वातानुकूलनाची नळी तुळईखालून जाणार नाही, हे आधीच दिसतं. बाहेर काढलेल्या स्लॅबला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेत लांबी आणि खोली यांचं प्राथमिक गुणोत्तर सात आहे. अडीच मीटर बाहेर काढलेला सज्जा मुळाशी साधारण ३५ सेंटिमीटर खोली मागतो. कागदावर तो १५ सेंटिमीटरचा नाजूक दिसतो, म्हणून आवडतो.

किनाऱ्याजवळ काँक्रीटचा शत्रू मीठ. खाऱ्या हवेतला क्लोराइड सळीपर्यंत पोचला की सळी गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. त्याच संहितेत किनारी वातावरणात उघड्या काँक्रीटला किमान एम-३० प्रत आणि सळीवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितलं आहे. बांधकामाच्या जागी गेल्यावर सळीखालचे कव्हर ब्लॉक मोजून बघा. पुस्तकातला आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही.

चौथं वर्ष आणि ऑफिस

इथे इमारतीच्या बाहेर पडायचं. पणजीचा फोंताइन्हास, मळा, कांपाल एकदा नकाशा घेऊन चालून बघा. मांडवीकाठी चार्ल्स कोरियांनी आखलेली कला अकादमी अभ्यासायची असेल तर तिच्या खांबांपेक्षा तिच्यातून जाणारी वाट बघा. रस्त्यावरचा माणूस तिकीट न काढता आच्छादनाखालून थेट नदीपर्यंत कसा पोचतो, हे सेक्शनमध्ये काढा.

अभ्यासक्रमात एक सत्र नोंदणीकृत आर्किटेक्टकडे प्रत्यक्ष कामाचं असतं. नावाजलेल्या मोठ्या ऑफिसात यंत्रणा शिकता येते, पण चार महिने टॉयलेटचीच चित्रं काढायला लागू शकतात. चार-पाच जणांच्या लहान ऑफिसात परवान्यापासून गवंड्यापर्यंत सगळं दिसतं. विद्यावेतन, वेळ आणि साइटवर नेणार की नाही, हे लेखी विचारून घ्या, त्यात संकोच नको. गोव्यात ऑफिस निवडलंत तर एका घराची फाइल सुरुवातीपासून वाचायला मागा: फॉर्म एक-चौदाचा जमिनीचा उतारा, सर्व्हे नकाशा, जमीन रूपांतराची सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा दाखला, मग पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना. परीक्षेत हे कुणी विचारत नाही आणि नोकरीत पहिल्याच आठवड्यात लागतं.

थिसिस

थिसिस हा शेवटच्या वर्षाचा स्वतंत्र प्रकल्प: विषय तुमचा, जागा तुमची. बहुतेक थिसिस विषय आणि प्रश्न यांतला फरक न कळल्यामुळे बिघडतात. 'म्हापशाचा बाजार' हा विषय झाला. 'शुक्रवारी रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांना पावसात छप्पर कसं द्यायचं आणि उरलेले सहा दिवस त्या छपराखाली काय चालेल?' हा प्रश्न झाला. प्रश्न असला की काय मोजायचं ते आपोआप ठरतं: किती विक्रेते, प्रत्येकाला किती जागा, माल कुठून येतो, कचरा कुठे जातो. नुसता विषय असला की विद्यार्थी क्षेत्रफळाचा तक्ता नेटवरून उतरवतो आणि मग दर्शनी भाग सजवत बसतो.

फार मोठी जागा घेऊ नका. पंधरा एकरांवरचं सांस्कृतिक संकुल घेतलं की एकही इमारत १:१०० च्या पुढे जात नाही. तीन-चार हजार चौरस मीटरचं काम घेऊन त्यातला एक कोपरा १:२० पर्यंत नेलेला परीक्षकांना जास्त पटतो.

पदवी हाती आली म्हणून नावामागे आर्किटेक्ट लावता येत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करावी लागते. प्रवेश घेतानाच त्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे बघायचं ते याचसाठी. परदेशातली पदवी असेल तर तिलाही इथे मान्यता आहे का, ते जाण्याआधी तपासा.

एम.आर्क.: कधी आणि कशात

एम.आर्क. दोन वर्षांचं, चार सत्रांचं. स्वतंत्र व्यवसाय करायला ते लागत नाही. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर लागतं. पदवीनंतर लगेच गेलं तरी नियमानं अडचण नाही, पण एक-दोन वर्षं काम करून गेलेल्याला आपल्याला काय कळत नाही हे माहीत असतं, आणि या पदवीत भांडवल तेच.

शाखा बऱ्याच आहेत: नगररचना (अर्बन डिझाइन), भूदृश्य, वारसा संवर्धन, गृहनिर्माण, बांधकाम व्यवस्थापन, शाश्वत वास्तुकला. नियोजनाची एम.प्लॅन. ही निराळी पदवी. तिथे इमारतीपेक्षा जमीनवापर, वाहतूक आणि लोकसंख्या यांच्याशी गाठ पडते. अर्ज भरताना दोन्ही एकच समजू नका.

संवर्धनाचं उदाहरण जुन्या गोव्यातच उभं आहे. बॉम जेझू बासिलिका १६०५ साली पूर्ण झाली, १९८६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिच्या जांभ्यावर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार काश्त्रो यांच्या देखरेखीखाली तो काढला गेला आणि तांबडा दगड उघडा पडला. आज लोकांना तोच रंग मूळचा वाटतो. जांभा सच्छिद्र असतो. उघड्या दगडावर दर पावसाळ्यात पाणी मुरतं, सुकताना कण सुटतात, कोरीव कडा झिजतात. मग गिलावा परत द्यायचा का? दिला तर चुन्याचा, कारण सिमेंटचा थर आतला ओलावा कोंडतो. पण लोकांच्या डोळ्यांत बसलेल्या तांबड्या रूपाचं काय? बी.आर्क.चा विद्यार्थी इथे मत देतो. एम.आर्क.च्या विद्यार्थ्यानं आधी भिंतीचा इंच-इंच नकाशा करायचा, ओल कुठे किती ते मोजायचं, जुन्या चुन्याचा नमुना तपासायचा, जुनी छायाचित्रं जुळवायची, आणि मगच शिफारस लिहायची. 'कशावरून?' म्हणतात ते हेच.

भूदृश्याकडे ओढा असेल तर खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, घ्या. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारं मानस, म्हणजे दारं बसवलेली मोरी, आणि आतली शेती-मासेमारी, हे सगळं एकमेकांवर अवलंबून. मानशीची दारं मोडली तर भात खारवतं. इथे इमारत न बांधता आराखडा द्यायचा असतो, आणि पाच वर्षं इमारती काढलेल्या हाताला ते जड जातं.

सरकारी संस्थांत प्रवेश मुख्यतः 'गेट' परीक्षेच्या आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपरवर होतो. १०० गुण, तीन तास, त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे. एक भाग सगळ्यांना समान, पुढचा भाग वास्तुकला किंवा नियोजन यांपैकी निवडायचा. गुण तीन वर्षं चालतात, म्हणून पाचव्या वर्षात असताना परीक्षा देऊन ठेवली तर मधे काम करायला मोकळीक राहते. थिसिसचं शेवटचं सत्र आणि फेब्रुवारीतली गेट एकमेकांवर आदळतात. तयारी ऑगस्टपासून थोडी थोडी करावी.

पोर्टफोलिओ मागणाऱ्या संस्थांसाठी वीस-पंचवीस पानं पुरतात. पाच वर्षांतलं सगळं भरू नका. चार प्रकल्प निवडा, त्यांतल्या एकाचे सुरुवातीचे कच्चे कागद आणि चुकलेली मॉडेल्सही दाखवा. निवडणाऱ्याला तुम्ही निर्णय कसा बदलता ते बघायचं असतं. गटात केलेल्या कामावर तुमचा वाटा कोणता, ते स्पष्ट लिहा.

पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर एम.आर्क.च्या काळातलं प्रत्येक मोजमाप, प्रत्येक मुलाखत, प्रत्येक छायाचित्र तारीख आणि जागा लिहून, दोन ठिकाणी जपून ठेवा. संशोधन प्रस्ताव लिहायला बसल्यावर आधी तेच शोधावं लागतं, आणि मानशीचं मोडलेलं दार तोवर कुणीतरी बदललेलं असतं.